माळ्यावरचे बूट

आमच्या दुकानात लोक पाय मोजायला येतात. बूट घ्यायला नाही, नुसते पाय मोजायला. स्टुलावर ऐसपैस बसतात, मोजा काढतात आणि बाबांच्या पुढ्यात खुशाल पाय करतात. बाबांनी सत्तरी कधीच ओलांडली आहे, त्यांचे गुडघे कुरकुरतात, तरी ते खाली बसतात. लाकडी मापपट्टीवर टाच टेकवतात, अंगठ्याने बोटं दाबून बघतात आणि सांगतात, "उजवा जरा रुंद आहे, नाडीचाच घ्या." माणूस मोबाइल काढून नंबर टिपून घेतो, "विचार करून येतो, काका" म्हणतो आणि जातो. चार दिवसांनी खाकी खोका घेतलेला डिलिव्हरीवाला आमच्याच दुकानात डोकावून त्याच्या घराचा पत्ता विचारतो. आणि बाबा सांगतात! पायरीपर्यंत जाऊन, हात लांब करून, "ते निळं फाटक दिसतंय ना, त्याच्या पलीकडे." मी गल्ल्यामागे दात-ओठ खात बसते.

"तुम्ही चुकीचा पत्ता का नाही सांगत?" मी एकदा विचारलं होतं.

"त्या पोऱ्याने काय घोडं मारलंय आपलं?" बाबा म्हणाले.

बाबांचं हे असं आहे. पण त्यांची एक गोष्ट दुसऱ्या कुठल्या दुकानात मी पाहिली नाही. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. कुणाचा अर्ध्या नंबरचा फरक असतो, कुणाचा एकाचा. दुकानदार सरळ मोठा नंबर देतात आणि आत कापूस घालायला सांगतात. बाबा तसं करत नाहीत. ते जोड फोडतात. ज्याचे पाय एका मापाचे नाहीत असा माणूस आला की त्याला डावा एका खोक्यातला आणि उजवा दुसऱ्या खोक्यातला देतात. मग जे दोन बूट उरतात, ते उलट फरक असलेल्या दुसऱ्या माणसासाठी ठेवतात. असा माणूस शहरात असतोच. बाबांच्या वहीत पेन्सिलने काढलेले पायांचे आकार आहेत आणि कुणाच्या उरलेल्या बुटांत कुणाचा पाय बसतो हे त्यांना तोंडपाठ आहे. पोस्टातला निवृत्त कारकून आणि शाळेच्या मुख्याध्यापिका वीस वर्षं एकमेकांचे अर्धे कॅनव्हास-बूट घालत आहेत, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

पत्ता नाही, कारण बाबा सांगत नाहीत. माणसाच्या पायाचं व्यंग ही त्याची खाजगी बाब, ती चार लोकांत काढायची नाही, हा त्यांचा नियम. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला त्याच्या पायाचा जोडीदार सांगितलेला नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्या मापाचा जोड काकांकडे कसा काय बुवा नेहमी असतो! तो आपोआप असतो असंच सगळे धरून चालले. मला विचाराल तर बाबांची चूक झाली ती इथेच. पण हे मला फार उशिरा कळलं.

समोरच्या रांगेत लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे इस्त्रीताई म्हणतात. उंच, हाडापेराने दणकट, आणि जिभेवर ठिणगी ठेवूनच बोलणार. लहानपणी दुखण्यात त्यांचा डावा पाय वाढायचा राहिला. डावा सहा नंबर, उजवा आठ. सकाळी सातपासून त्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या असतात, ओल्या फरशीवर, म्हणून त्यांना बंद, काळे, जाड तळाचे बूट लागतात. बायकांच्या मापात तसले मिळत नाहीत, त्या पुरुषांचे घेतात. "पायाला काय कळतंय बाई की पुरुष," म्हणतात.

दोन नंबरांचा फरक दुर्मीळ. एवढ्या शहरात त्यांना जुळणारा एकच जोडीदार होता. डावा आठ आणि उजवा सहा. कोण, तर आमच्या नागरिक मंडळाचे अध्यक्ष. शाळेत असताना त्यांच्या उजव्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं. वर्षानुवर्षं अध्यक्ष दर वर्षी एक काळा जोड न्यायचे आणि उरलेले दोन इस्त्रीताई न्यायच्या. दोघांचं भागत होतं, दुकानाचंही.

चार वर्षांपूर्वी अध्यक्ष यायचे बंद झाले. भांडण नाही, तक्रार नाही, काही नाही. रस्त्यात भेटले की "काय काका, तब्येत कशी?" तितक्याच प्रेमाने. पायात नवे बूट, पण आमचे नव्हेत.

त्या वर्षी बाबांनी तरीही इस्त्रीताईंसाठी दोन जोड फोडले. उरलेला डावा आठ आणि उजवा सहा एका खोक्यात घालून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. "येतील," म्हणाले. पुढच्या वर्षी ते परत फोडायला निघाले तेव्हा मी आडवी आले. दुकान तोवर माझ्या हातात आलं होतं. मी म्हटलं, "बाबा, एका गिऱ्हाइकासाठी दोन जोड मोडायचे आणि अर्धे फळीवर पूजेला ठेवायचे? दुकान आहे की धर्मशाळा?" बाबांनी इस्त्रीताईंना आठ नंबरचा साधा जोड दिला आणि मान खाली घालून सांगितलं, "डाव्यात कापड घाला."

हो, ते मी करायला लावलं. हे लिहिताना माझाही मला राग येतो, पण तो मी लपवणार नाही.

तीन वर्षं इस्त्रीताई डाव्या बुटात फडकं कोंबून उभ्या राहिल्या. पाय बुटात पुढे सरकायचा, बोटं फडक्यावर आपटायची. दोन वर्षांपूर्वी अंगठ्याचं नख गेलं. या वर्षी घोटा सुजायला लागला, आणि गेल्या महिन्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मापाचे बूट घाला, नाहीतर उभं राहायचं काम सोडा." उभं राहायचं काम सोडलं तर लाँड्रीत उरतं काय? त्या दुकानात येऊन हे हसत हसत सांगून गेल्या. बाबा दिवसभर जेवले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी तो वरचा खोका काढला, बूट उन्हात ठेवले, मेण लावलं, नाड्या सैल करून पुन्हा बांधल्या. तेव्हा मला समजलं की हे ते दर महिन्याला करत आले आहेत, मी जेवायला घरी गेले की.

आणि अशात ती मोहीम आली.

"आपल्या शहरातच खरेदी करा!" नागरिक मंडळाची मोहीम. गोल स्टिकर, भडक केशरी अक्षरं, मधोमध हसरं दुकान. ते प्रत्येक दुकानाच्या काचेवर लागणार होतं आणि शुभारंभ आमच्या दुकानातून होणार होता, कारण आमचं दुकान रांगेत सगळ्यात जुनं. अध्यक्षांचा फोन आला तेव्हा बाबांनी मला फरशी दोनदा पुसायला लावली.

सकाळी अकराला मंडळी आली. मंडळाचे चार सभासद, एक फोटोग्राफर आणि अध्यक्ष, नुसत्या शर्टात. त्यांचा कोट इस्त्रीताई थेट आमच्याकडे आणून देणार होत्या.

"काका, एक छानसा फोटो घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "मी गिऱ्हाईक म्हणून बसतो, तुम्ही मला बूट घालताय. एकदम नैसर्गिक!"

ते स्टुलावर बसले. बाबा गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसले आणि सवयीप्रमाणे त्यांनी अध्यक्षांच्या उजव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला. हातात धरून उलटा केला, तळ पाहिला, आत अंगठा फिरवला. मी बाबांचा चेहरा पाहत होते. आतल्या कापडावर दूरच्या कंपनीचं नाव छापलेलं मला गल्ल्यावरून दिसलं. बाबांनी तो बूट पुन्हा अध्यक्षांच्या पायात घातला, बूट चढवायच्या चमच्याने टाच नीट बसवली आणि नाडी बांधली. दुसऱ्याच्या दुकानातल्या बुटाची नाडी, आमच्या फोटोसाठी, बाबांनी खाली बसून बांधली!

"वा! काका, जरा इकडे बघून हसा," फोटोग्राफर म्हणाला. बाबा हसलेसुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबा," मी म्हटलं. "अध्यक्षसाहेब, हे बूट कुठून घेतलेत?"

"अं?" ते हसले. "ताई, खरं सांगू? वेळच मिळत नाही. रात्री बसल्या बसल्या मोबाइलवर मागवतो. घरपोच येतात."

"आणि सगळ्या शहराला सांगताय, इथेच खरेदी करा!"

"पोरी," बाबा खालून म्हणाले. तेवढंच. म्हणजे पुरे.

"तसं नाही हो," अध्यक्ष म्हणाले, "मोहीम लोकांसाठी आहे."

"आणि तुम्ही कोण? तुम्ही लोकांत मोडत नाही? की खरेदी दुसऱ्यांनी करायची आणि तुम्ही नुसतं स्टिकर लावायचं? तुमचा एक पाय आठचा, एक सहाचा. मोबाइल देतो तसा जोड?"

एका सभासदाने घसा खाकरला. अध्यक्ष थोडे ओशाळले, पण माणूस मनमोकळा. "तीच तर गंमत आहे. दोन जोड मागवावे लागतात. पण एकावर एक फुकट असतं ना! एक आठचा, एक सहाचा. मला लागतात ते घालतो, बाकीचे माळ्यावर टाकतो. तीन वेळा मागवलेत आतापर्यंत, तिन्ही वेळचे पडलेत वर. बायको म्हणते, हे बूट कुठल्या माणसाला होणार आहेत? भंगारवालासुद्धा घेत नाही!"

सगळे हसले. फोटोग्राफरही हसला. मी हसले नाही, बाबाही नाही. आणि तेव्हा माझं दाराकडे लक्ष गेलं.

इस्त्रीताई दारात उभ्या होत्या. हातात हँगरला लावलेला कोट. कधी आल्या होत्या कोण जाणे, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की सगळं ऐकलं आहे. त्या बाई इस्त्री फिरवतानाही डोकं चालवायचं थांबवत नाहीत. त्यांनी अध्यक्षांच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"काका," त्या बाबांना म्हणाल्या, "माझे बूट तुम्ही पूर्वी दोन खोक्यांतून काढून द्यायचात. त्यातले उरलेले कोण न्यायचं?"

बाबांनी मापपट्टी उचलली आणि पुसायला घेतली. स्वच्छ होती ती.

"काका, मी काहीतरी विचारतेय."

बाबा पट्टी पुसत राहिले. चाळीस वर्षांची सवय. मला आता ते सहन होईना. मी शिडी ओढली, वर चढले आणि तो खोका काढून अध्यक्षांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी मी तिथेच रडले असते.

"उघडा," मी अध्यक्षांना म्हटलं. "डावा आठ, उजवा सहा. चार वर्षं तुमची वाट बघतायत. दर महिन्याला मेण लागतंय त्यांना. तुम्ही येणार म्हणून."

"माझ्यासाठी?" अध्यक्षांनी बूट हातात घेतला. तो काल शिवल्यासारखा मऊ होता. "पण मी तर काही सांगून ठेवलं नव्हतं."

"तुम्हाला कधी सांगावं लागलंच नाही! तुमच्या मापाचा जोड या दुकानात होता, कारण त्याचा दुसरा अर्धा भाग दुसरं कुणीतरी विकत घेत होतं. आणि तुम्ही यायचे थांबलात तेव्हा त्या माणसाचं काय झालं असेल?"

मी नाव घेतलं नाही. देवाशपथ घेतलं नाही. बाबांचा नियम निदान तेवढा तरी मी पाळला. नाव घ्यायची गरजच उरली नाही.

इस्त्रीताईंनी कोट गल्ल्यावर ठेवला आणि ठक्क, घस्स, ठक्क, घस्स, असं चालत त्या आत आल्या. अध्यक्षांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. डाव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला, त्यातून फडक्याचा बोळा काढला आणि बाजूला ठेवला. मग मोजा. अंगठ्यावर नख वाकडंतिकडं उगवलेलं, घोटा टम्म. त्यांनी तो सहा नंबरचा पाय अध्यक्षांच्या पायाला लागून फरशीवर ठेवला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या माळ्यावर माझे बूट आहेत."

फोटोग्राफरने कॅमेरा उचलला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो परत पिशवीत घातला.

एरवी मंडळाच्या सभेत अध्यक्षांना थांबवायला दोन-दोन चिठ्ठ्या पाठवाव्या लागतात. आत्ता ते त्या दोन पायांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता आणतो. सगळे घेऊन टाका. पैसे नकोत मला."

"फुकट?" इस्त्रीताई भडकल्या. "तुमचे शर्ट मी फुकट करून देते का? मी बूट विकत घेते, साहेब. आजवर घेतलेत. इथून. तुम्ही तुमचे इथे आणा, तुमचा हा खोका घ्या, आणि व्यवहार काय तो काकांशी करा. मी काकांशी करीन. दान करायची हौस असली तर दुसरीकडे जा."

मंडळी हळूहळू पांगली. जाताना एका सभासदाने काचेवर लावायला स्टिकर पुढे केलं. मी ते घेतलं आणि अध्यक्षांच्या हातात दिलं.

"हे इथे कशाला? इथवर आलेला माणूस आलेलाच असतो. तुमच्या घराच्या दाराला लावा. आतून. बसल्या बसल्या दिसेल असं."

त्यांनी स्टिकर घडी करून खिशात घातलं.

दिवेलागणीच्या आधी अध्यक्ष एकटे आले. हातात मोठी पिशवी. इस्त्रीताईंना मी हाक मारली. पिशवीतून तीन वेळचे बूट निघाले, डावे सहा, उजवे आठ, सगळे कोरे. बाबांनी पहिला उचलला, टाचेला धरून वाकवला, आणि त्याच्या तळाचा चुरा होऊन तो फरशीवर सांडला. दुसऱ्या जोडाचंही तेच. माळ्यावरच्या उष्म्यात, कुणी एक पाऊलही न टाकता, बूट कुजले होते.

इस्त्रीताईंनी चुऱ्यातला एक तुकडा बोटांत धरला. "हे कधी मागवले होते?"

"दोन वर्षांपूर्वी," अध्यक्ष म्हणाले.

"त्याच वर्षी नख गेलं माझं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. माझा चढला असता.

तिसरा जोड या वर्षीचा होता. बाबांनी तो वाकवून पाहिला, आतून हात फिरवला. आमच्या दर्जाचा नव्हता, पण धड होता. त्यांनी खाली बसून आधी तो इस्त्रीताईंच्या पायात घातला, मग फळीवरचा जोड अध्यक्षांच्या. दोघांच्या बोटांवर अंगठा दाबून पाहिला.

"आता दारापर्यंत जाऊन या," बाबा म्हणाले. हे ते प्रत्येकाला सांगतात. माणूस चालतो तेव्हा बाबा डोळे मिटून घेतात आणि दोन्ही पावलांचा आवाज सारखा येतो का ते ऐकतात. सारखा आला नाही तर विकत नाहीत, समोरच्याने कितीही गळ घातली तरी.

ती दोघं चालत गेली आणि परत आली. मीही डोळे मिटले होते. इस्त्रीताईंच्या चालण्यातलं घस्स मला ऐकू आलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"लागतंय कुठे?" बाबांनी विचारलं.

इस्त्रीताईंनी नुसती मान हलवली. एरवी त्यांना नुसती मान हलवणं ठाऊक नाही.

अध्यक्ष नाडी नीट करत म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी केव्हा येऊ?"

मला वाटलं बाबा नेहमीसारखं म्हणतील, या सवडीने. बाबा पट्टी फळीवर ठेवत होते. पाठमोरेच म्हणाले, "एकटे येऊ नका. दोघं बरोबरच या."

मग त्यांनी पोस्टातल्या कारकुनाचा नंबर फिरवला, आणि मला म्हणाले, "पोरी, मुख्याध्यापिकाबाईंना फोन लाव."